ही म्हनत व्हती

विंझरला माझी बदली झाली, तेव्हा खोली बघायला मी आणि माझी सात वर्षांची मुलगी मुक्ता, अशा दोघीच गेलो होतो. मी नर्स. नवरा पुण्यात कंपनीत, तो फक्त शनिवारी येणार. एकट्या बाईला खोली देताना लोक काय काय विचारतात ते मला माहीत होतं. सगळी उत्तरं मी एसटीतच तयार करून ठेवली होती.

घरमालक ओट्यावर पेपर वाचत बसले होते. पांढरी टोपी, धोतर, आणि चेहऱ्यापेक्षा मोठ्या वाटाव्यात अशा मिशा. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. पेपर जरासा खाली केला आणि मुक्ताला विचारलं, "कारलं खाती का गं?"

मुक्तानं माझ्याकडे बघितलं. परक्या माणसांसमोर द्यायचं उत्तर मी तिला वेगळं शिकवलं होतं. पण ती खरं बोलून गेली. "नाही."

"कदीच?"

"कधीच नाही."

"दिली खोली," ते मला म्हणाले. "कारलं आवडतंय म्हननाऱ्या पोरांवर माजा इस्वास न्हाई, सिस्टर. असली पोरं मोठेपनी लोकास्नी फसवत्यात."

एवढं बोलून ते पुन्हा पेपरात शिरले. आख्ख्या विंझरमध्ये लोकांना फसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, हे कळायला मला वर्ष जावं लागलं.

सगळी मुलं त्यांना आबा म्हणायची, म्हणून मीही आबाच म्हणायला लागले. त्यांच्या बायकोला आक्का. खाली ती दोघं, वर आम्ही. त्यांचा मुलगा शिरवळला नोकरीला होता, तो रात्री झोपायला घरी यायचा तेवढाच. वरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तोरणा दिसायचा आणि खालच्या ओट्यावर बसलेल्या आबांची टोपी दिसायची. पहिल्याच आठवड्यात मी वांग्याची भाजी फोडणीला टाकली, तर टोपी हलली.

"सिस्टर, ही म्हनत व्हती, तेल तापलं न्हाई अजून. मोहरी गप बसलीया."

मी खिडकीतून वाकून बघितलं. आक्का पार गोठ्याच्या पलीकडे म्हशीचं शेण काढत होत्या. तिथून त्यांना माझ्या मोहरीचा आवाज येणं शक्य नव्हतं.

"आक्का तर गोठ्यात आहेत, आबा."

"व्हय. जाताना सांगून गेली."

पुढे मला याची सवय झाली. माझ्या आमटीत चिंच जास्त पडली की 'ही म्हनत व्हती'. पोहे फार भिजले की 'ही म्हनत व्हती'. एकदा मी दिवाळीची चकली तळत होते आणि ती तेलात विरघळत चालली होती. घाबरून मी गॅस बंद केला. दोन मिनिटांत मुक्ता वाटीभर भाजणी घेऊन वर आली. "आबा म्हणाले, आक्का म्हणत होत्या, ही घालून पुन्हा मळ." मी मळलं. चकली जमली. वर उभं राहून मी आक्कांना हाक मारून आभार मानले, तर त्या अंगणातून म्हणाल्या, "कशाबद्दल गं?" आणि मग आबांकडे बघून घाईघाईनं, "हां हां, ते व्हय! आसू दे, आसू दे."

आबा मात्र म्हणायचे, "मला काय कळतंय त्यातलं? हिनं सांगितलं, म्या पोचवलं. आपून नुसता पोस्टमन."

आक्का उंच, रापलेल्या, आवाज असा की शेतातून हाक मारली तर रस्त्यावरचा टेम्पो थांबायचा. पॉवर टिलर त्या स्वतः चालवायच्या. म्हशीच्या कानाला हात लावून तिला ताप आहे की नाही ते सांगायच्या. आणि एवढं सगळं करून या बाईच्या हातची पुरणपोळी खायला माणसं वेल्ह्यापासून येतात, याचं मला फार कौतुक वाटायचं. नागपंचमीची दिंडं, गौरीच्या सणाची भाजी-भाकरी, दिवाळीचे जाळीदार अनारसे. गावातल्या बायकांच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर फोटो यायचे, खाली लिहिलेलं असायचं, 'आक्कांच्या हातचं'. त्यावर हात जोडल्याची चित्रं. आबा ओट्यावर बसून मिशा पुसत म्हणायचे, "नशीब काढलं म्या, दुसरं काय."

पण पोरांच्या दृष्टीनं आबांचा खरा काळ म्हणजे हादगा. आमच्याकडे पुण्यात त्याला भोंडला म्हणतात. पाटावर हत्ती काढायचा, मध्ये ठेवायचा, आणि मुलींनी भोवती फेर धरून गाणी म्हणायची. गाणी संपली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. ओळखली तर मान मुलींचा, नाही ओळखली तर करणारीचा. गल्लीतल्या बाकी घरांत वाटली डाळ, फुटाणे, साखर-खोबरं असायचं आणि मुली दोन प्रश्नांत ओळखायच्या. आबांच्या घरची खिरापत मात्र मी तिथं राहिले तेवढ्या वर्षांत कुणाला ओळखता आल्याचं आठवत नाही.

डबा घेऊन आबाच यायचे. "हिनं दिलाय. माज्या हातात काय न्हाई." डबा मांडीवर ठेवून असे बसायचे, जणू आत दागिना आहे.

"गोड की तिखट?" मुली ओरडायच्या.

"खानाऱ्याच्या सवभावावर हाय."

"वाजवून दाखवा!"

आबा डबा हलवायचे. आत खडखड वाजायचं. शेंगदाणे, फुटाणे, चिक्की, बत्तासे, सगळी नावं घेऊन व्हायची. मग झाकण उघडलं की आत ताटलीखाली मऊ लुसलुशीत सांजा, आणि ताटलीवर नुसत्या आवाजासाठी टाकलेली धुतलेली सुपारी. दुसऱ्या दिवशी मुली वास घ्यायला डब्यावर पडल्या. जिऱ्याच्या फोडणीचा घमघमाट. "मसालेभात! ताकातली उकड!" उघडलं तर नाचणीचे लाडू. झाकणाला आतून जिऱ्याचं तेल चोळलेलं. एकदा करवंदाच्या लोणच्याचा भात होता. एकदा काकडीची गोड भाकरी, केळीच्या पानात थापलेली. एका मुलीनं ती चार वेळा खाऊन 'अजून ओळखता येत नाही' म्हणून पाचवी मागितली.

सगळ्यात मोठा दंगा झाला तो ज्या दिवशी मुली हरल्या आणि आबांनी झाकण काढलं, तर डबा रिकामा.

"आबा, ह्यात काहीच नाही!"

"हेच तर ओळखायचं व्हतं. कुनी म्हनलं का, काय न्हाई म्हनून?"

मुलींनी त्यांना घेरलं. एक तर टोपी घेऊन पळाली. एका चिमुरडीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा आबा चटकन उठले, घरात गेले आणि परातभर गरम मालपुवे घेऊन आले. "रडू नगं, रडू नगं. ही म्हनत व्हती, आधी पोरींची भूक वाढवा."

दिवाळीतही असंच. आमच्या अंगणासमोर खरा तोरणा उभा, आणि पोरांचं सगळं लक्ष मातीच्या किल्ल्यात. आबांनी एका वर्षी त्या किल्ल्यात कुठेतरी शंकरपाळ्यांचा डबा पुरला आणि जाहीर केलं, "गडाला धक्का न लावता जो खजिना काढंल, त्याचा खजिना." पोरं काड्या घेऊन तासभर बुरूज टोकरत बसली. मग कुणाचा तरी संयम सुटला. पाच मिनिटांत बालेकिल्ला, माची, हौदातलं पाणी, सगळं एक झालं. आबा ओट्यावरून ओरडले, "गड पडला! फितुरीनं पडला!" आणि डबा निघाला तो त्यांच्याच पेपराखालून. त्यांनी तो पुरलाच नव्हता.

गुपित मला कळलं ते बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या दिवशी. लांबच्या धनगरवाड्यावर लसीकरण होतं, म्हणून मी उजाडता उजाडता निघाले. पुढच्या जिन्यावर आबांनी बैलाची झूल वाळत टाकली होती, म्हणून मागच्या बाजूनं उतरले. स्वयंपाकघराची मागची खिडकी उघडी होती.

आत आबा. टोपीऐवजी डोक्याला टॉवेल, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, चुलीपुढे उकिडवे बसून पुरणपोळी लाटत होते. लाटणं कसं, तर पोळपाटावर पोळी आपोआप गोल फिरत होती. आक्का उंबऱ्यावर पाय सोडून बशीतून चहा पीत होत्या. दोन घोट घ्यायच्या, मग शेजारी ठेवलेलं जास्तीचं लाटणं फरशीवर आपटायच्या आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "अगं बया, पुरन पातळ झालं का काय! अहो, नुसतं पेपर काय वाचत बसलाय, सरपन तरी आना!"

यावर आबा तव्यावरची पोळी उलटायचे, तोंड पुढच्या दाराकडे वळवायचे आणि खेकसायचे, "आनतो की! सकाळच्या पारी वरडायला काय झालं तुला?" मग पुन्हा पोळीकडे वळून तिच्यावर हळूच तूप सोडायचे.

मी हसले असणार. आबांनी मान वळवली. लाटणं पाठीमागे लपवलं. पण टॉवेल, पीठ आणि पोळी कुठं लपवणार?

"सिस्टर," ते म्हणाले, "तुमी काय बगितलं?"

"काही नाही."

"नीट सांगा."

"आक्का पुरणपोळ्या करत होत्या. तुम्ही पेपर वाचत होतात."

आबांच्या मिशा पसरल्या. "शाब्बास. खोटं बोलावं तर पोटभर बोलावं. अर्द्या पोटी खोटं पचत न्हाई." आणि खिडकीतून त्यांनी मला पानात गुंडाळलेल्या दोन पोळ्या दिल्या. धनगरवाड्याच्या चढावर मी त्या उभ्यानं खाल्ल्या.

हे सगळं कशामुळे, ते आक्कांनी मला पुढे एकदा भाताच्या खाचराच्या बांधावर बसून सांगितलं. त्या भाटघरच्या बाजूच्या. घरात सगळ्या मुलीच, म्हणून वडिलांनी हिच्याच हातात औत दिलेलं. चुलीची आणि हिची ओळख नव्हती. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच सणाला पाहुणे जेवायला बसले होते. सासूनं सुनेची भाकरी ताटातून उचलली, सगळ्यांना दिसेल अशी उभी धरली आणि म्हणाली, "बगा, सूनबाईनं तोरना आनलाय. ही माची, हा बुरूज."

"सगळी पंगत हसली," आक्का म्हणाल्या. "तुमचं आबा तेवढं हसलं न्हाईत. दुसऱ्या दिशी कोंबड्याच्या आधी मला उटवलं. म्हनले, तू हितं बस. भांडी वाजव, वरड, काय बी कर. बाकीचं मी बगतो."

"पण त्यांना कसं येत होतं?"

"बहीन न्हाई पाठीवर. ल्हानपनी आईच्या पदराला धरून चुलीम्होरं बसायचे. तिचं बगून बगून शिकले. पर बाप्या मानसानं चुलीपाशी बसायचं म्हंजे त्या काळात... सासूबाई जित्या असस्तोवर ह्येंनी कदी उजेडात लाटनं धरलं न्हाई. आता त्या गेल्या, त्यालाबी वर्सं झाली. म्या म्हनते, आता कशाला लपवायचं? तर म्हनत्यात, इतकी वर्सं सांभाळलं, आता सोडवत न्हाई."

आणि मग आली भोंगवलीची विहीण.

मुलाचं लग्न ठरलं होतं. सुपारी फुटली होती, दिवाळीनंतरची तारीख बघायची होती. मुलगी शिरवळच्याच कंपनीत कामाला. हादग्याच्या शेवटच्या दिवशी तिची आई भेटायला येते म्हणाली. येईना का, म्हणून आबा खुशीत होते. तेवढ्यात मुलाच्या मोबाईलवर पुढचा निरोप आला: 'आक्कांच्या शेजारी बसून पुरणपोळी शिकायची आहे. तयारी करून ठेवू नका.'

आबा जिना चढून वर आले. त्या घरात मी इतकी वर्षं राहिले, पण ते वर आल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते.

"सिस्टर, हिच्या हाताला एक बँडेज बांदा."

"काय झालं हाताला?"

"अजून काय न्हाई."

मी साफ नाही म्हटलं. धडधाकट हाताला बँडेज बांधणं माझ्या नोकरीत बसत नाही. आबांनी खूप विनवण्या केल्या, मग सुस्कारा टाकला. "बरं. मंग एवडं करा. हात मोडलाय म्हनू नका, आन् बरा हाय असंबी म्हनू नका." खाली जाऊन त्यांनी स्वतःच आक्कांच्या मनगटाला हळदीचा लेप फासला आणि वर धोतराचा फाटका काठ गुंडाळला. आक्का त्या हातानं म्हशीला पेंड घालून आल्या होत्या.

विहीणबाई दुपारी आल्या. ठेंगण्या, चटपटीत, नजर अशी की कोपऱ्यातलं जाळंसुद्धा सुटणार नाही. अंगणात मुली हादग्यासाठी पाट मांडत होत्या. मुक्ता हत्तीला सोंड काढत होती. विहीणबाईंनी आक्कांचा हात बघितला, चुकचुकल्या, आणि पदर खोचला.

"हात दुखतोय तर दुखू द्या. तोंड तर दुखत न्हाई? तुमी सांगा, मी करते."

हे आबांच्या डोक्यात आलं नव्हतं. ते ओट्यावर होते. स्वयंपाकघराची पुढची खिडकी त्या ओट्यावरच उघडायची. मी दारात भाजी निवडत बसले होते, त्यामुळे मला आतलं आणि बाहेरचं दोन्ही दिसत होतं. डाळ शिजून तयार झाली. विहीणबाईंनी विचारलं, "आता काय करू?"

आक्कांनी खिडकीकडे बघितलं. आबांनी पेपर फडकावला आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"भाटघर धरनातलं पानी आज खाली सोडन्यात आलं. सगळं पानी सोडलं. खालच्या गावांनी ते वाया न घालवता साठवून ठिवावं."

आक्कांनी कपाळाला आठ्या घातल्या. "आता? भात निसवायच्या, लोंब्या भरायच्या टायमाला? आन् आपल्याला पाटाचं पानी येत न्हाई त्ये न्हाईच!"

"अगं, पानी काडलंय!" आबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले. "आमटीला... म्हंजे गावाला लागतंय त्ये पानी!"

आक्कांच्या डोक्यात उजेड पडला. "हां! विहीनबाई, डाळीतलं पानी काडा. कट ठिवा आमटीला."

विहीणबाईंनी काढलं. आबांचा धीर वाढला. पेपर उलटा झाला होता, तरी वाचन चालू होतं. "बाजारात गुळाची आवक डाळीच्या बरोबरीनं झाली." आक्का म्हणाल्या, "डाळीएवडा गूळ." पुरण शिजायला लागलं. मला हसू दाबता येईना, मी पालकात तोंड घातलं.

"पुरन झालं का न्हाई, कसं वळखायचं?" विहीणबाई ढवळता ढवळता म्हणाल्या.

बाहेरून आबा: "इलेक्शनला उबा ऱ्हायलेला मानूस कुनी हात न लावता मदोमद ताठ उबा ऱ्हायला. काम झालं, असं जानकार म्हनत्यात."

"कोन उबा ऱ्हायला?" आक्का खिडकीशी गेल्या. "आपल्या गावात?"

विहीणबाईंनी हातातलं उलथनं पुरणात रोवलं. ते सरळ उभं राहिलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्यो उबा ऱ्हायला, आक्का. व्याही, आता पेपर ठिवा आन् आत या. कनीक किती सैल मळायची, त्ये काय पेपरात छापत न्हाईत."

अंगणातली गाणी थांबली. मुली खिडकीशी गोळा झाल्या. आबा पेपराआड तसेच बसून राहिले. आक्कांनी हळूच मनगटावरचा काठ सोडला आणि हळदीचा हात पदराला पुसला.

"मला येत न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "चहासुदिक नीट येत न्हाई. सगळं ह्येच करत्यात. पयल्यापासनं."

विहीणबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "म्हंजे समदं गाव म्हनतं, आक्कांच्या हातचं, आक्कांच्या हातचं, त्ये खोटं?"

"खोटं."

"म्या पोरीला घरात काय शिकवलं न्हाई. साळा, मंग कॉलेज, मंग कंपनी. भाकरी थापाया गेली की हाताला चिकटून बसती. म्या म्हनलं, आसू दे, सासू सुगरन हाय, तिच्या हाताखाली शिकंल. ह्या एका गोष्टीवर म्या निर्धास्त झाले व्हते. आता कुनाच्या हाताखाली शिकायची तिनं?"

आक्कांनी खिडकीकडे बोट दाखवलं.

"सासऱ्याच्या? लोकं काय म्हनतील?"

ठरलेलं लग्न चुलीपाशी मोडतंय की काय, असं मला वाटून गेलं. तेवढ्यात खिडकीच्या गजांतून मुक्ताचा आवाज आला.

"लोक काही म्हणत नाहीत. आम्हाला तर माहितीच आहे."

"काय म्हाईत हाय?" आबा ओरडले. पेपर खाली पडला.

"तुम्ही करता ते. आक्काच्या हाताला शेणाचा वास येतो, तुमच्या हाताला वेलचीचा."

"आन् मिशीला पीठ असतंय," दुसरी म्हणाली.

"आमच्या ताईलाबी म्हाईत व्हतं," तिसरी म्हणाली. "तिचं लगीन झालं आता."

आबा एकेकीकडे बघत राहिले. "मंग बोलला का न्हाईत कुनी?"

मुलींनी एकमेकींकडे बघितलं. हे काय विचारायचं झालं, अशा सुरात मुक्ता म्हणाली, "बोललो असतो तर तुम्ही खिरापत बंद केली असती."

पहिल्यांदा हसल्या त्या विहीणबाई. त्यांनी हसू आवरायला पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायला लागले, मग पाटावरच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आक्का घाबरून त्यांच्याकडे बघत होत्या, त्याही हसायला लागल्या. "या हो आत, व्याही," विहीणबाई धापा टाकत म्हणाल्या. "पोरीला काय सांगायचं त्ये बगते मी. तिच्या नशिबाला सासू एक, आन् सासरा म्हंजे दुसरी सासू."

ती मुलगी आज त्या घरात आहे. सकाळी स्कुटीवर डबा घेऊन कामाला जाते. डबा कोण भरतं, ते आता कुणी लपवत नाही.

पण त्या दिवशी आत यायला आबांचे पाय उचलत नव्हते. आले तेव्हा टोपी काढायची की ठेवायची, तेही त्यांना कळेना. शेवटी मुक्तानं टॉवेल आणून दिला. आयुष्यात पहिल्यांदा माणसांच्या देखत ते पोळपाटापुढे बसले. पहिली पोळी फाटली. दुसरी जमली. तिसरी तव्यावर टाकली तोवर हात मोकळा झाला होता आणि मिशांत जुनी ऐट परत आली होती.

"पोरींनी वळखलं, ठीक हाय. पोरींचं नाक तिखट," ते म्हणाले. "पर एक सांगतो विहीनबाई, माज्या आयला शेवटपतुर कळलं न्हाई. तिला फसवनं सोपं न्हवतं."

आक्का कणकेचे उंडे करत होत्या, वाकडेतिकडे. त्या थांबल्या.

"कळलं व्हतं," त्या म्हणाल्या.

"कुनाला?"

"सासूबाईंना. पयल्याच वर्सी. शेवटच्या आजारात मला जवळ बसवून म्हनल्या, तुज्या सैपाकाला माज्या हाताची चव येती, त्ये काय मला कळत न्हाई व्हय? ल्हानपनी माज्याच पदराला धरून शिकलाय त्यो. पर त्येला सांगू नगंस. मला कळलंय म्हनून समजलं, तर पहाटं उटायचा बंद हुईल. मंग मला कोन घालनार असलं खायाला?"

आबा लाटणं हातात धरून तसेच बसले.

"आन् तू इतकी वर्सं बोलली न्हाईस?"

"कशाला बोलू?" आक्का म्हणाल्या. "मलाबी खायचं व्हतंच की."

आबा चुलीतल्या जाळाकडे बघत होते. मग मुली ओरडल्या, "आबा, पोळी! पोळी!" तव्यावरची पोळी एका बाजूनं काळी झाली होती. त्यांनी ती उलथन्यानं उचलली, डोळे पुसले, धूर झाला म्हणाले, आणि पोळी ताटलीत घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले. तूप नाही, दूध नाही, तशीच तोडून खायला लागले.

मुक्ता त्यांच्या मागोमाग गेली. "आबा, करपलेली का खाताय? मला द्या, म्हशीला घालते."

"हात लावू नगं," आबा घास चावत म्हणाले. "ही माजी हाय. तुला दुसरी करून देतो."